एक थेंब ठेवला नव्हता मी घरात

...आणि वर मलाच विचारतात! "रूडी, निघताना पाणी बंद केलं होतंस ना रे?" दुकानात विचारतात, चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात, काल तर दाताच्या डॉक्टरनं विचारलं, तोंडात त्याचे दोन्ही हात असताना! चावलो मी त्याला. खरंच चावलो. बंद केलं होतं का म्हणजे काय? अहो, एक थेंब ठेवला नव्हता मी घरात. एक थेंब! तुम्हाला सांगतो, आमच्या या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, जिथं जानेवारीत थुंकलं तर थुंकी जमिनीवर खण्णकन वाजते, तिथं माझ्याइतकं कोरडंठाक घर दुसऱ्या कुणाचं असेल तर आणा दाखवायला, मी इथंच बसलोय...

आता तुम्ही निघालाच आहात उन्हाकडे, म्हणून सांगतो. मागं एकदा भाचीच्या लग्नाला गेलो, दोन दिवसांसाठी, तर माडीवरचा पाइप गोठला, फुटला, आणि अख्खं छत खाली! कुठं पडावं? पलंगावर. त्यातही माझ्या बाजूला! बायकोच्या, अल्बिनाच्या उशीला ओरखडा नाही. कुऱ्हाड घेऊन गोठलेली गादी फोडत होतो मी, स्वतःची गादी! तेव्हापासून पाइप आणि मी, आमचं उभं वैर. रस्त्यात दुसऱ्याच्या घराचा पाइप दिसला तरी माझ्या मुठी वळतात.

यंदा बायको म्हणाली, "रूडी, मला ॲरिझोनाला बहिणीकडे ने." मी म्हटलं, "आणि पाइप?" तर बर्फ फोडायची पहार हातात घेऊन माझ्यासमोर उभी. "पाइपाचं तू बघ. नाही नेलंस तर ही पहार कुठं जाईल ते मी बघते." निघालो!

पण निघण्याआधी मी जे युद्ध केलंय ना... मेन व्हॉल्व्हची मान अशी पिरगाळली की पान्ह्याचे दात गेले. सगळे नळ उघडे, सताड! पाणी तापवायची टाकी रिकामी. मग कॉम्प्रेसर लावून प्रत्येक पाइपात हवा मारली, एकेकाच्या तोंडातून शेवटची गुळणी निघेपर्यंत सोडलं नाही. "ओक! ओक मेल्या! अजून आहे तुझ्या पोटात!" अल्बिना जिन्यावरून ओरडतेय, "कुणाला मारतोयस रे?" कमोडची टाकी स्पंजनं पुसली. सिंकखालच्या वळणांत, कमोडात ते गुलाबी औषध ओतलं, स्पिरिटवालं, न गोठणारं. बास! पाइप मेले. एक थेंब ठेवला नव्हता मी घरात.

राहिल्या फक्त अल्बिनाच्या बरण्या. तळघरात. काकड्या, बीट, पीचच्या फोडी, फळीवर फळी. त्या गोठल्या तर काच फुटणार, आणि काच फुटली तर माझं डोकं. म्हणून घर तापवायची भट्टी मंद ठेवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत लाल दिवा लावला. तो तुम्हालाही लावायचाय, ऐका! घर फार गार पडलं की हा दिवा आपोआप पेटतो. शेजाऱ्यानं बघायचं, किल्ली घ्यायची, आत जायचं. साधी गोष्ट.

साधी! शेजारी कोण? तौनो!

तौनो म्हणजे फिनलंडवाल्यांचा वंश. दिवसाला तीन शब्द, त्यातला एक खोकला. लोखंडाच्या खाणीत आम्ही एकाच पाळीला. हॉकीत त्यानं माझं नाक मोडलं, पुढच्या रविवारी मी त्याचं गळ्याचं हाड मोडलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही एकमेकांना घराच्या किल्ल्या दिल्या. आमच्याकडे दोस्ती होते ती अशीच. मी त्याला कुंपणापाशी गाठला. म्हटलं, "तौनो, दिवा लागला तर बघ." म्हणाला, "हं." मग मी त्याला सगळं नीट समजावलं. की पाणी काढलंय, नळ मुद्दाम उघडे आहेत, तुला फक्त बरण्या उचलून तुझ्या घरी न्यायच्यात, पाइपाला हात लावायचा नाही, आणि त्यावरून भाचीच्या लग्नाचं सांगितलं, छताचं सांगितलं, कॉम्प्रेसर कुठल्या कंपनीचा घ्यावा ते सांगितलं... भुवयांवर बर्फ जमलं माझ्या! अख्खा वेळ तो उभा होता. मान हलवत होता! एवढं समजावून सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

तर तिकडे ॲरिझोनात मी अर्ध्या चड्डीत संत्रं सोलतोय, आणि फोन.

"रूडी."

"काय रे?"

"दिवा लागला."

"मग?"

"बघितलं."

"मग? घर ठीक आहे ना?"

तो खोकला. मग म्हणाला, "दिवा शाबूत आहे."

"आणि घर?"

"दिवा शाबूत आहे, रूडी."

तळपायाची आग मस्तकात गेली! अल्बिनाला गाडीत घातली आणि सुटलो. अख्ख्या वाटेनं मी तौनोला मारत आलो. न्यू मेक्सिकोत गळा दाबला. कॅन्ससमध्ये गाडीखाली घातला, मागं घेतली, पुन्हा घातला. आयोवात त्याला बर्फाच्या भोकातून तळ्यात सोडला आणि वरून भोक बुजवलं. अल्बिना शेजारी सँडविच खातेय. म्हणते, "मारायचं तर नीट मार. मागच्या वेळी नुसतं हाड मोडून आलास."

आलो. उणे चाळीस. आणि समोर... अहो, घर नाही! बर्फाचा डोंगर! काळा, चकचकीत, वरून धूर निघतोय आणि खालून सुळे लोंबतायत!

झालं असं की धुराड्याच्या तोंडाशी बर्फ साचलं, भट्टी विझली, दिवा लागला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे! तौनो आत गेला. बघतो तर नळ उघडा, पाणी नाही. आता आमच्या गावात कडाक्याच्या थंडीत जो तो नळाची बारीक धार सोडून ठेवतो, वाहतं पाणी गोठत नाही म्हणून. तौनोनं डोकं चालवलं. धार होती, धार थांबली, म्हणजे पाइप गोठला! दुसरा नळ, तेच. तिसरा, तेच. अरे, एकाच वेळी सगळे? तर म्हणे, "वाटलं, फार जोरात गोठलंय."

घरी गेला आणि निळी ज्योत ओकणारी ती गॅसची बत्ती घेऊन आला. आधी हातोड्यानं पाइप बडवले, मग बत्ती लावली. रिकाम्या पाइपाला! एक थेंब ठेवला नव्हता मी घरात, आणि हा बर्फ वितळवतोय! एक तास! आणि आमच्या जुन्या भिंतींत काय भरलंय? लाकडाचा भुसा!

पुढं आलं अग्निशमन दल. आमच्या गावचं दल म्हणजे सगळे हौशी, पगार नाही. आणि कोण कोण? हॉकीत ज्याला ज्याला मी हाणलाय, तो तो! कुऱ्हाडी घेऊन आले, हसत आले. आग मागच्या भिंतीला, यांनी पुढचा दरवाजा फोडला. खिडक्या फोडल्या, जिना फोडला, माझी आरामखुर्ची फोडली, तिला धूरसुद्धा लागला नव्हता! आणि मग पाणी. अख्खा बंब! ज्या घरातून मी स्पंजनं टिपून टिपून पाणी काढलं, त्या घरात त्यांनी तळं ओतलं, उणे चाळीसमध्ये. ओतलं तिथं गोठलं!

मी पान्हा घेऊन तौनोच्या दारात. खून चढला होता डोक्यात. "बाहेर ये!" आला. भुवया नाहीत, दाढी अर्धी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये! आता सांगा, असल्या माणसाला मारायचा कसा? त्याला परत मारता येत नाही, मग त्यात मजा काय?

मी ओरडलो, "एक थेंब ठेवला नव्हता मी घरात!"

तर हा माझ्यावरच डोळे वटारतो! "तेच," म्हणाला. "आग लागली. नळाखाली बादली धरली. एक थेंब नव्हता तुझ्या घरात, रूडी. कुणी असं घर सोडून जातं?"

"अरे..."

"कमोडात होतं थोडं. गुलाबी. ते मारलं."

"मग?"

"भडकलं."

मी पान्हा उगारला. खरंच उगारला! म्हटलं, "हात कसे जळले?" तर म्हणाला, "दिवा आणायला आत गेलो." अरे पण दिवा कशाला, गाढवा? "तू म्हणालास ना, दिव्याकडे बघ." आणि तो दिवा टेबलावर. लाल. शाबूत. माझा पान्हा खाली आला, अजून कळत नाही कसा.

अल्बिना पुढं झाली. "तौनो, माझ्या बरण्या?"

"कुठल्या बरण्या?"

फाडकन् लगावली तिनं! मी म्हटलं, "अरे, तुला कुंपणापाशी सांगितलं होतं! अख्खं सांगितलं होतं!" तो गाल खांद्यानं चोळत म्हणाला, "पहिलं वाक्य ऐकलं. पुढं तू बोलत राहिलास. तू बोलत राहिलास की मी ऐकत नाही. खाणीत असल्यापासून." आणि अल्बिना, माझी सख्खी बायको, तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी कुणाला लगावली? मला!

आता राहायचं कुठं? तौनोकडेच. त्याच्या घरात रात्रंदिवस नळाची धार चालू, टप टप टप टप, आणि बंद केली तर म्हणतो, "गोठेल." मधे एकदा बर्फ तोडून आमच्या घरात शिरलो. पाइप तपासले. छत नाही, भिंती नाहीत, जिना नाही... पण पाइप? सगळे उभे, सरळ, कोरडे. सांगतो तुम्हाला, एकही फुटला नाही! मिठी मारून रडलो मी त्यांना.

आणि तौनोचे हात वसंतापर्यंत बँडेजमध्ये. त्याला खाऊ कोण घालणार? अल्बिना म्हणते, मी बरण्यांच्या दुःखात आहे. मग मीच! रोज सकाळी त्याला गळ्याशी फडकं बांधून बसवतो आणि चमच्यानं ओटची लापशी भरवतो. भरवताना मी बोलतो, तो ऐकत नाही. शेवटी दोस्त आहे हो, काय करणार... चमचा फक्त जरा जोरात घालतो.