आता मला शिव्या कोण देणार?

या निरोपसमारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे गावप्रमुख हान्वा दाकुओ, राजधानीहून धुळीचा रस्ता सोसत आलेले डॉक्टर कोनाते, त्यांच्यासोबतच्या परदेशी पाहुण्या बाई, मंडपात जमलेल्या आयाबहिणी, म्हातारेकोतारे, आणि माझ्या डाव्या हाताला नवा झगा चढवून खुर्चीत बसवलेलं ते ज्वारीचं पोतं, येझूमा तामिनी!

पाहुण्या बाईंनी दचकू नये. मी येरो, जातीचा फुलानी, गुरं राखणारा. येझूमा ब्वा, माती उकरणारा. आमच्या दोन जमातींत पणजोबांच्याही आधीपासून थट्टेचं नातं आहे. मी त्याला तोंडावर चोर म्हणावं, त्याने मला गाईचा मेहुणा म्हणावं, आणि दोघांनीही राग मानू नये. उलट थट्टा नाही केली, तर काहीतरी बिनसलंय असं लोक समजतात.

येझूमाच्या कामाचं सरकारी नाव डॉक्टरसाहेबांनी आत्ताच सांगितलं. ते काही माझ्या जिभेला झेपणार नाही. मी पाहिलं ते सांगतो. मुहून नदीच्या खळाळत्या पाण्याजवळ हा गृहस्थ पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर बसायचा. पायावर काळी माशी बसली की ती चावायच्या आत काचेच्या नळीत पकडायची आणि बूच लावायचं. त्या माश्या शहरात जायच्या. तिथे त्यांना फाडून बघायचे, आत किडा आहे की नाही. कोणता किडा, हे या गावाला सांगायला हवं का? माशी चावली की कातडीखाली शिरतो, खाजवून खाजवून जीव नकोसा करतो, कमरेवर गाठी आणतो, नडग्यांवर बिबट्यासारखे ठिपके उठवतो आणि शेवटी डोळ्यांत जातो. त्याच्याच धास्तीने सारं गाव नदीकाठची काळी जमीन टाकून वर माळावर पळालं होतं. गाव वर आणि हा एकटा खाली. मी गुरांना पाण्यावर न्यायचो, तेवढंच काय ते त्याला माणूस दिसायचं.

"काय रे मातीउकऱ्या, पाय विकायला बसलास?"

"हो ना! तुझे असते तर माशीने फुकटसुद्धा घेतले नसते. काड्यांत रक्त कुठलं?"

एवढं बोलणं झालं की दोघांचाही दिवस बरा जायचा.

माझ्या पायांवर माशी बसे तेव्हा मात्र हातात नळी नसायची. गावात त्या किड्यावरच्या गोळ्या वाटायचे, तेव्हा नेमका मी गुरं घेऊन उत्तरेला. येझूमा मागे लागायचा, "गोळी मागून घे रे, गाईच्या मेहुण्या. नाहीतर माझं हे देखणं तोंड दिसायचं बंद होईल."

"तेवढ्यासाठीच तर घेत नाही!"

हसा, हसा. आम्हीही हसायचो.

मग एकदा पाण्यावर गेलो आणि म्हणालो, "येझूमा, तुझं तोंड दिसत नाही मला."

"देव दयाळू आहे," तो म्हणाला आणि हसला. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. जन्मभर ज्याच्याशी थट्टाच केली, त्याला खरं सांगायचं तरी कसं? शेवटी त्याच्याकडे जायला पाऊल उचललं, ते पडलं त्याच्या नळ्यांच्या पेटीवर. काच फुटली. मग त्याचं हसणं थांबलं.

"दिवसभराच्या माश्या सोडल्यास, लेका," तो म्हणाला. "आता बस इथे, आणि दे तुझा पाय. काच घुसलीय."

मंडळी, डोळे गेल्याचं दुःख एक. दुसरं तुम्ही दिलंत, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. तुम्ही सगळे माझ्याशी चांगलं वागायला लागलात. दुधात पाणी घालतो म्हणून ज्या बायका माझी सालं काढायच्या, त्या आता म्हणतात, "आजोबा, सावकाश. आजोबा, इथे बसा."

अध्यक्षांच्या मातोश्री वारल्या, तेव्हा रीतीप्रमाणे मी गेलो. ब्वाच्या मयताला फुलान्याने जाऊन धिंगाणा घालायचा असतो. मी चटईशेजारी आडवा पडलो आणि ओरडलो, "म्हातारीने उसनी नेलेली माझी कोंबडी बुडवलीय! मिळाल्याशिवाय उठणार नाही!" यावर लोक रडता रडता हसतात, आणि फुलान्याला उठवायला एक नाणं देतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. कोणीतरी हळूच माझ्या तळहातावर नाणं ठेवलं आणि माझी बोटं मिटली. नाणं तेच होतं, मंडळी, पण ती भीक होती. म्हातारीजवळ रडायला निदान चार बायका होत्या. माझ्याजवळ कोणी नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी माझी तंगडी धरली आणि फरफटत अंगणात आणलं. "काढा त्याच्या हातातलं नाणं! आंधळा झाला म्हणून चोर काय साधू होतो?" हाच तो, येझूमा. तेव्हा कुठे लोक हसले. त्यानंतर मला तितकं बरं कधी वाटलेलं नाही.

आता नदी निर्मळ झाली. माशीत किडा उरला नाही, म्हणून माशी पकडणाऱ्याचं कामही उरलं नाही. आनंदाचीच गोष्ट आहे, मीही टाळ्या वाजवल्या. येझूमा उद्या बोबो शहरात लेकाकडे राहायला जातोय. तिथे त्याचं बरं होईल. माझं इथे होणार नाही. उगाच गोड कशाला बोलू?

पाहुण्या बाई, आमच्या नात्याचा आणखी एक नियम आहे. थट्टेतल्या भावाने चारचौघांत काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. मी आत्ता "जाऊ नकोस" म्हणालो, तर हा गाठोडं सोडून ठेवील. म्हणून ते मी मागत नाही. नातवंडं वाट बघतायत त्याची.

दुसरं मागतो. येझूमा, सकाळी गाडीकडे जाताना माझ्या झोपडीवरून जा. आत येऊ नकोस. माझा हात हातात घेऊ नकोस, तो आता सगळं गावच घेतं. बाहेरूनच एक सणसणीत शिवी हाण आणि चालू लाग. मी उत्तर देईन. तू ऐकण्याच्या टप्प्यात असेपर्यंत देत राहीन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, तर म्हाताऱ्याला सर्वांनी पदरात घ्यावं. येझूमाने मात्र घेऊ नये. माझ्यावर दया न करणारा एक तरी माणूस मला उद्या सकाळपर्यंत राहू द्या.