मिशीवाले सर

गेवराईच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत मंगल पुढचं बोलणं ऐकत उभी होती. तिच्या पुढं सावित्रीबाई आणि त्यांचा मुलगा अजिनाथ, टेबलामागं मोठ्या पिळदार मिशीचे सर. त्याला ऐकू येत नव्हतं. ओठ बघून तो बोलणं ओळखायचा.

“आई, हे मिशीवाले सर शिकवणार? ह्यांचे ओठच दिसत न्हाईत. इथं न्हाई जमणार मला.”

“शाळंत पंडित सरांनी तुझ्यासाठी मिशी उतरवली. बायकू लई हसली, तरी परत ठिवली न्हाई. त्यांच्यामुळंच धावी पास झाला तू. ह्यांना इचारू तर दे. सर, राग मानू नका. पोरगं ओठ वाचतंय, अन् तुमच्या मिशीआड...”

“एवढंच ना? उद्याच काढतो.”

“काय म्हणले, आई?”

“उद्या मिशी काढतो म्हणतेत.”

“सगळी नको, सर! ओठावरची तेवढी कातरा. पीळ ऱ्हाऊ द्या.”

“लई उपकार झाले, सर.”

“उपकार ह्याचेच, बाई. पीळ गेला असता तर सासुरवाडीत मला कुणी जावई म्हणलं नसतं.”