तनुजा असल्याचा सबूत

(देवणीचा गुरांचा बाजार. किशनरावांचा फोन स्पीकरवर. पलीकडून त्यांची मुलगी तनुजा, नांदेडहून. शेजारी त्यांच्याच गावचा रामलिंग आणि विकायला आणलेला बैल.)

तनुजा : आबा, पुन्हा सांगते. तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत. तेवढे वाचून दाखवा. पाचला फॉर्म बंद होतो, आणि पावणेपाच झालेत!

किशनराव : आकडे आलेत, बरोबर हाय. पर तू कोण बोलून राहिली ते आगुदर सांग.

तनुजा : मी तनुजा! तुमची पोरगी!

किशनराव : पोरीचा नंबर माह्या फोनात हाय. 'तनु' म्हणून येतो. ह्यो दुसराच हाय.

तनुजा : माझा फोन सकाळी बादलीत पडला. हा भार्गवीचा आहे, माझ्या रूमवरच्या मुलीचा.

रामलिंग : ठेवा फोन, किशनराव. ह्यांचे समद्यांचे फोन बादलीतच पडतेत. आपल्या गावच्या ग्यानोबाला लुटलं तवा बी पुतण्याचा फोन बादलीतच व्हता.

तनुजा : रामलिंगकाका आहेत का तिथं? काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!

रामलिंग : बगा! माहं नाव बी मालूम हाय. लई तयारीची टोळी हाय ही.

तनुजा : आईला लावला तर ती उचलतच नाही!

किशनराव : न्हाई उचलणार. अनोळखी नंबर उचलायचा न्हाई, असं तनूनं सांगितलंय. मी बैलाचं गिऱ्हाईक समजून उचलला. हे बग बाई, तू जी कोण असशील. माही पोरगी दिवाळीला आली व्हती. मारोतीच्या पारावर आख्ख्या गावाला बसवून बजावलं तिनं. आकडे कुणालाच द्यायचे न्हाईत. मशीन आता कुणाचाबी आवाज काढती. माह्या आवाजात मागितले तरी देऊ नका, म्हणली.

तनुजा : ते मीच सांगितलं होतं, आबा!

किशनराव : व्हय. म्हणून तर देईना.

रामलिंग : आन तिनं मोबाइलवर किशनरावचं तोंड बैलाला लावून दाखवलं व्हतं. बैल म्हणतोय, 'राम राम मंडळी, बसा.' माही बायको अजून त्या बैलापुढं पदर सावरून जाती.

तनुजा : आबा, नीट ऐका. डेटा सायन्सच्या एमएस्सीत आता एक विषय पक्का करायचाय. पुढं जन्मभर त्याच्यातच काम. मला 'भाषा आणि आवाज' पाहिजे. पालकाच्या फोनवरचे आकडे टाकल्याबिगर फॉर्म पुढं सरकत नाही. पाच वाजले की जो विषय उरलाय तो आपोआप गळ्यात मारतात. नंतर बदलत नाहीत.

किशनराव : आवाज? म्हणजी हाच धंदा शिकून राहिलीस व्हय गं?

तनुजा : धंदा नाही हो! बियाण्याच्या हेल्पलाइनला तुम्ही अर्धा तास बोलत होता, आठवतं? ते मशीन आपलं 'क्षमा करा, समजलं नाही' म्हणत बसलं. शेवटी तुम्ही शिव्या दिल्या, तर म्हणालं, 'धन्यवाद, आपली मागणी नोंदवली.' मला असं मशीन करायचंय, ज्याला तुमचं बोलणं कळंल. तुमच्यासाठी घ्यायचाय मला हा विषय!

किशनराव : ...हे तर खरं हाय, रामलिंग.

रामलिंग : ती गोष्ट तुमीच बाजारात सांगत हिंडलात. ह्यो काय सबूत झाला?

तनुजा : डाव्या पोटरीवर विळ्याचा वण आहे तुमच्या!

रामलिंग : धोतर वर खोचून फिरतेत. बैलाला बी मालूम हाय त्यो वण.

किशनराव : थांब, मी इचारतो. आपली गाभण गाय कोणती?

तनुजा : चंद्री!

किशनराव : चंद्री तर दिवाळी झाल्यावर इकली.

तनुजा : चंद्री विकली? मला कुणीच सांगितलं नाही!

किशनराव : सांगितलं असतं तर रडली असतीस.

रामलिंग : मग खऱ्या तनूला मालूमच नसणार. हिला मालूम न्हाई, म्हणजी ही तनूच.

किशनराव : आन चोराला कुठं मालूम असतंय?

रामलिंग : हे बी हाय.

तनुजा : आबा, पाच मिनिटं राहिली. पाया पडते तुमच्या. कामून जीव घेऊन राहिलेत माहा?

रामलिंग : बगा, बगा! आगुदर कशी पुण्यावाणी बोलत व्हती, आन आता बरोब्बर आपल्यावाणी! मशीन शिकून राहिलं, किशनराव! जास्ती बोलू नका तिच्यापुढं!

तनुजा : आबा...

किशनराव : रडू नगं. एकच इचारतो. जेवलीस का?

तनुजा : न्हाई! सकाळपासून पाणी पिऊन हाय. मेसच्या भाजीचा वास येतो. आठ दिस झाले, बिस्कुटावर काढून राहिले.

किशनराव : ठेव फोन.

तनुजा : आबा!

किशनराव : पाच वर्सं झाली पोरगी नांदेडला हाय. रोज इचारतो. एक दिस 'न्हाई' म्हणली न्हाई. तू माही पोरगी न्हाईस, बाई.

रामलिंग : धरली!

तनुजा : खोटं बोलत होते मी! रोज! तुमी तिकडं घास सोडून बसाल म्हणून!

किशनराव : पाच वर्सं?

तनुजा : रोज न्हाई. पर लई येळा. आबा, एक मिनिट राहिलं.

किशनराव : रामलिंग, वाच. मला अक्षर दिसंना.

रामलिंग : पर...

किशनराव : वाच म्हणलं ना!

रामलिंग : आठ, चार, शून्य... थांबा, ह्यो गॅसच्या टाकीचा हाय. हां, ह्यो. तीन, नऊ, सात, एक... हाड! हाड! अहो, बैल चाटून राहिला फोन! समदी लाळच लाळ!

तनुजा : काका, पुसा! पुढचे दोन!

रामलिंग : पुसतोय की! हां, दोन... आन सहा. सहाच हाय.

तनुजा : टाकलं. फिरतंय नुसतं. ...बंद झालं. पाच वाजले.

किशनराव : मग आता?

तनुजा : आलं स्क्रीनवर. 'आर्थिक फसवणूक ओळखणे.'

रामलिंग : म्हणजी आता आमी करत व्हतो तेच? त्याला एमएस्सी लागती?

किशनराव : गप रे. चांगला हाय का त्यो विषय?

तनुजा : कुणी घेत न्हाई. म्हणून उरला व्हता.

किशनराव : मी येतो उद्या नांदेडला. सायबाच्या पाया पडतो.

तनुजा : साहेब न्हाई, आबा. मशीन हाय.

किशनराव : ...माही चूक झाली का, माय?

तनुजा : न्हाई. मी शिकवलं तसंच केलंव तुमी.

किशनराव : तनु.

तनुजा : हं.

किशनराव : जेवलीस का?

तनुजा : हाव, आबा. जेवले.

किशनराव : हां. आता वळखला आवाज.