पाचवं सील

(मिरजगावात हायवेच्या कडेला भागवत मिस्त्रीचं गॅरेज. जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स खाली उतरवून ओंडक्यावर ठेवलाय. बाहेर लिंबाखाली, टायरवर राजेश्वरीचे सासरे सहादेव आबा बसलेत.)

राजेश्वरी : आता परत तेलाचं सील गेलं म्हणू नका, मिस्त्री. ऐकायचं त्राण न्हाई माझ्यात.

भागवत : सील ठणठणीत हाय, वैनी. मागच्या मंगळवारी बसवलेलं, जसंच्या तसं.

राजेश्वरी : मग तेल गळतंय कुठनं? रानातनं आलं की दारात ताटाएवढा डाग. परवा तर गिअर पडंना. मजुरीच्या अकरा बाया उन्हात उतरून ढकलत हुत्या. चार वेळा सील बदललं तुमी, अन् चारी वेळा म्हणालात, आता बघायला नको.

भागवत : म्हणालो. आन् तुमी गावभर म्हणालात, भागवत हलकं सील घालतो.

राजेश्वरी : कुणी सांगितलं?

भागवत : सांगायला कशाला लागतंय? माझ्या बायकूला गिरणीत ऐकू आलं.

राजेश्वरी : म्हणाले मी. खोटं कशाला बोलू? दमलेलं माणूस काय पण बोलतं. त्यातली फिलोमिना काल तोंडावर म्हणाली, ताई, सोमवारी गाडी उभी राहिली तर आमी खालच्या गल्लीतल्या पिकअपनं जाऊ. एकदा बाया दुसऱ्याच्या गाडीत बसल्या की माघारी येत न्हाईत. अन् ह्यांचा चाकणवरनं फोन, विकून टाक तो डबा.

भागवत : विकायची न्हाई. पाचवं सील पण बसवायचं न्हाई. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असं झालं माझं. चार वेळा गाडीखाली झोपून खालनंच बघितलं. आज बॉक्स उतरवला तवा वरनं हात फिरला. ही बारकी नळी दिसती?

राजेश्वरी : दिसती. कशाची?

भागवत : हवेची. गाडी चालली की बॉक्स तापतो, आतली हवा फुगती. ती इथनं भाईर पडायची. हिच्यात कुणीतरी बोळा कोंबलाय, वर सुतळीनं आवळलाय. कुकरची शिट्टी बांधून ठेवा, वाफ कुठनं जाईल?

राजेश्वरी : सीलातनं.

भागवत : सीलातनं. तेल घिऊनच जाती. सोन्याचं सील घातलं असतं तरी गळलं असतं. हा बोळा. मी न्हाई घातला, देवाशपथ.

राजेश्वरी : आणा इकडं.

भागवत : वंगण हाय, हात भरतील.

राजेश्वरी : भरू द्या. मिस्त्री, हा आबांच्या पटक्याचा तुकडा हाय. गुलाबी काठ. मी म्हणायचे उंदीर कुरतडतात.

भागवत : आबांच्या? पण हात कसा पोचला त्यांचा?

राजेश्वरी : आतनं पोचतो?

भागवत : पोचतो की. गिअरच्या दांड्याचं रबर उचललं की बरोबर नळीवर. जुन्या ड्रायव्हरलाच ठावं असतंय ते.

सहादेव : घावलं का रं भागवता?

भागवत : बघतोय, आबा. बसा तुमी.

सहादेव : बसून बसून टायर सपाट झाला. काय घावलं? अगं, तो बोळा काढला व्हय तुमी?

राजेश्वरी : आबा, हा तुमी घातला?

सहादेव : मग कोन घालनार? पयल्यांदा तेलाचा थेंब त्या नळीच्या तोंडावरच दिसला हुता मला. गळकी जागा बुजवायची, साधी गोष्ट हाय. तवापासनं रोज सकाळी तू च्या टाकती तवा जाऊन चाचपून येतो. भिजला की बदलतो. आता डोळ्याला दिसत न्हाई, पर बोटाला कळतंय.

राजेश्वरी : रोज?

सहादेव : दोन वर्सं झाली, लायसन दिलं न्हाई साहेबानं. चावी तू घेतली. मग गाडीचं कायतरी बघाया नको? पस्तीस वर्सं हाकली म्या. हा भागवत सीलं बदलत बसतो. बोळा हाय म्हनून चाललीय ती.

भागवत : आबा, उलट त्या बोळ्यानंच…

राजेश्वरी : मिस्त्री.

भागवत : बोला.

राजेश्वरी : काही न्हाई. आबा, माठातलं पाणी गार हाय, पिऊन या. मला पण आणा तांब्याभर.

सहादेव : आनतो. तेवढा बोळा परत बसवा म्हनजे झालं.

भागवत : सांगू दिलं न्हाई मला तुमी.

राजेश्वरी : सगळ्या रस्त्यानं ठरवत आले, आज कुणाला तरी फाडून खायचं. आता राग हाय, तर तो घालायला जागा न्हाई. ओरडले असते, तर उद्यापासनं ते अंथरुणातनं उठले नसते.

भागवत : मग उद्या परत कोंबतील. मी नळी लांबवून पार वर इंजिनाच्या कडंला नेतो, हात पोचायचा न्हाई.

राजेश्वरी : मग सकाळी रबर उचलतील, अन् हाताला काहीच लागणार न्हाई.

भागवत : ते बी खरंच.

राजेश्वरी : तुमच्याकडं तसल्याच नळीचा तुकडा हाय का?

भागवत : ढीगभर. कुठं जोडू?

राजेश्वरी : कुठंच नको. जुन्या जागी नुसता घट्ट बसवा.

भागवत : …बसवतो. अन् ते गिरणीतलं राहू द्या वैनी, मी इसरलो.

सहादेव : धर गं पानी. काय रं, नळी बुजवली का नीट?

भागवत : न्हाई, आबा. ते काम तुमच्याकडं.