घरी आलेली बाई

अनन्या, रघू, गेल्या रविवारी व्हिडिओवर आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून ही तुमची आजी नव्हे असं सांगितलं, तेव्हा रघू हसला आणि अनन्याचा चेहरा पडला, म्हणून हे आत्ताच सांगते. मी बोलते आहे आणि शेजारची पुण्याची शुभदा उतरवून घेते आहे, माझं तंजावरी मराठी ऐकून मधेच हसते आहे, हसू दे.

मी तंजावरची, लग्न होऊन इकडे चेन्नईला, तांबरमला आले. आजोबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, मी शाळेत इंग्रजी. दाराबाहेर तमिळ आणि दाराच्या आत मराठी, हा आमच्या घरचा नियम. तुमची आई तो मोडायची, तेव्हा आजोबा म्हणायचे, चप्पल बाहेर काढलीस ना, तमिळही तिथंच ठेव.

मागच्या वर्षी त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं. मग एका सकाळी मी कापीचा पेला दिला तर ते अदबीनं उठून उभे राहिले आणि म्हणाले, उक्कारुंगो अम्मा. बसा म्हणाले, तमिळमध्ये, मला, घराच्या आत. काय सांगू तुम्हाला, परकी झाले मी त्या एका शब्दानं.

मी लग्नाचा फोटो आणून दाखवला. ते म्हणाले, ही माझी बायको, तुम्ही अगदी तिच्यासारख्या दिसता, पण ती नव्हे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की चेहरा पाहणं वेगळं आणि तो आपल्या माणसाचा वाटणं वेगळं, मेंदूत त्यांच्या वाटा निराळ्या, यांची दुसरी वाट तुटली आहे. मला आयुष्यभर वाटायचं, ओळखणं म्हणजेच आपलं वाटणं. तसं नसतं, बाळांनो.

एका संध्याकाळी ते अस्वस्थ झाले, म्हणाले, अम्मा, तुमच्या घरी वाट पाहत असतील. आमच्याकडे आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतः देवघरातून माझाच कुंकवाचा करंडा आणून पुढं धरला, पानसुपारी हातावर ठेवली आणि म्हणाले, मंडळी टी. नगरच्या बाजारात गेली आहे, ती असती तर तिनंच दिलं असतं. मी माझ्याच करंड्यातलं कुंकू लावून माझ्याच घरातून बाहेर पडले, जिन्यात बसले, आणि काही सुचेना म्हणून त्यांना फोन लावला. अहो, एवढंच मी म्हणाले. तर पलीकडून मराठी आलं, अगो, कुठं आहेस, केव्हाची वाट पाहतोय, एक बाई येऊन बसली होती, भली होती बिचारी, पण तू ये. मी पदर तोंडाशी धरला आणि म्हटलं, येते, निघालेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाजाची वाट शाबूत आहे, पण समोर चेहरा आला की आवाजही खोटा वाटतो.

मी जिना चढून घरी गेले, तर दार उघडून त्यांचं पुन्हा तमिळ. या अम्मा, आत्ताच तिचा फोन आला, येतेच आहे. किती आनंद होता तोंडावर! मी म्हटलं, येईल हो. आणि आम्ही दोघं तिची वाट पाहत बसलो.

आता रोज संध्याकाळी मी जिन्यातून फोन करते. तुम्हीही नुसता आवाजाचा फोन करा, मराठीत बोला, मोडकं चालेल. सुखी राहा.

माझा चेहरा त्यांच्यापाशी उरला नाही. माझी वाट पाहणं उरलं आहे.