जमीन नको, मुलगा हवा

काळुराम : फुकट शिकवनार, वर पोऱ्याला महिन्याला पैसं देनार. आता खरं सांगा मास्तर, जमीन कंची पायजे?

शिवराम सर : जमीन? नाही हो. मी... म्हणजे आमची संस्था, पहिली-दुसरीसाठी पुरुष शिक्षक तयार करते. नयनला न्यावं म्हणून वर्तकनगरहून आलो.

काळुराम : पयला बिल्डर आपल्या कोपर गावात आला, तो पन देवलाला घंटा द्यायला आलेला. चा पिला, पोरांची नावं इचारली. तुमी पन तेच केलाव.

नयन : बाबा, काय यार! सरांना मीच बोलावलंय.

काळुराम : तू गप. बोलताना मान वर करीत नाय यो, बगितलास? दलाल तरी डोल्यात बगून बोलतो.

शिवराम सर : सवय आहे ती. जन्मभर लहान मुलांशीच बोलत आलो. मान खालीच जाते.

काळुराम : न् माजाच पोऱ्या कनाला? गावच्या पोरी शिकल्यान, त्यांना न्या.

शिवराम सर : त्या या कामात येतातच. मुलगे येत नाहीत. तुमच्या शाळेतल्या पोरांनी आपल्या गावचा पुरुष फळ्यापाशी कधी पाहिलेलाच नाही. मला नीट सांगता येत नाहीये बहुतेक.

काळुराम : बायकांचं काम. लोक हसतील.

नयन : हसू दे ना. काकाच्या रेतीच्या गाड्यांवर मी नाय जाणार. हेच करायचंय मला.

काळुराम : न् तिकडं नेऊन कागदावर सही घेतलाव तं?

शिवराम सर : मग तुम्हीच या. शनिवारी तिकडच्या शाळेत पहिलीच्या मुलांना तो गोष्ट सांगून बघणार आहे. जमलं, तरच आम्ही घेतो.

काळुराम : येनार. शाला सुटंपर्यंत बसनार.

शिवराम सर : बसा की. बाकं मात्र लहान आहेत.

काळुराम : खाली बसंन.

नयन : बाबा, तुम्ही समोर बसलात तर माझी फाटेल.

काळुराम : मागं बसतो. कोन उठवनार तं नाय ना?

शिवराम सर : का उठवतील?

काळुराम : मना उठवलेला. शालेच्या पयल्याच दिवशी. मिठागरावरनं तसाच गेलेलू, पाय चिखलाचं. मंग गेलूच नाय.



शिवराम सर : शनिवारी दारात मी उभा असेन.

काळुराम : जमीन द्यायची नाय, आदीच सांगतो.

शिवराम सर : बरं.

काळुराम : नयन, तिथं पाय धुवाया पानी हाय कं रं?