बिनदोऱ्याची सुई

दाताच्या दवाखान्यात माणसं गाल धरून गप्प बसतात. या दोघी मैत्रिणी मात्र माझ्या कानाशी कचाकचा भांडत होत्या.

“माझं चित्र गिरवून ग्रुपवर स्वतःच्या नावानं टाकलंस!”

“गिरवलं नाही गं. तुझं बघून सुचलं.”

“माझी आई सुचली तुला?”

“शिवणारी बाई कुठलीही असू शकते.”

“माझ्या चित्रात आईच्या सुईत दोरा काढायला मी विसरले होते. तुझ्या सुईत कुठंय दोरा?”

“ती... ती माझी शैली आहे.”

“तुला शाबासक्या, आणि मी बोलले तर जळकी म्हणून मलाच ग्रुपमधून हाकललं!”

“हौसेची चित्रं ही. कशाला एवढं ताणतेस?”

मला राहवलं नाही. “ए शैलीवाली, चोरायचंच होतं, तर निदान चूक तरी स्वतःची करायचीस!”